खाल्लं ते लिहिलं

दिवसभरात आपण काय काय खाल्लं हे छातीवर हात ठेवून सांगू शकेल असा माणूस सबंध नवी मुंबईत एकच आहे, आणि ती माझी रूममेट आहे. बाकी आपण सगळे थापा मारतो. 'मी फारसं काही खातच नाही' म्हणणाऱ्याने त्याच दुपारी दोन वडापाव दाबलेले असतात. माझ्या रूममेटने मात्र जेवणानंतर तोंडात टाकलेली बडीशेपसुद्धा फोनमधल्या आहारनोंदीत लिहिली आहे, आणि ती साखर लावलेली होती हेही लिहिलं आहे. नेरूळच्या आमच्या हॉस्टेलच्या मेसमध्ये एकदा तिने माझ्या ताटातला पापड मोडून घेतला आणि नोंद केली: 'पापड, एक कोपरा, दुसऱ्याचा.' मी म्हटलं, "अगं, कोपऱ्याने काय होतंय?" तर म्हणाली, "खोटं लिहायचं असेल तर लिहायचंच कशाला?" मी चळवळीची पत्रकं वाचत मोठी झालेली मुलगी. असं वाक्य मला कुठल्याही भिंतीवर चाललं असतं.

हा तिचा छंद नव्हता. सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातून ती इथे मायक्रोबायॉलॉजी शिकायला आली आणि पहिल्याच पावसाळ्यात प्रॅक्टिकलला उभ्या उभ्या कोसळली. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन तळाला गेलेलं. त्या रात्री आईने फोनवरून हुकूम सोडला, "संक्रांतीपतुर रगात वाढलं तर ऱ्हा तिथं. न्हाईतर गाठोडं बांधायचं आन घरी यायचं. कालेज हितं बी हाय." तिथे कॉलेज होतं, पण तिचा विषय नव्हता. सूक्ष्मदर्शकाखाली वळवळणारे जंतू बघून जिचा चेहरा देवदर्शनाला गेल्यासारखा होतो, तिला गावी जाऊन दुसरंच काहीतरी शिकावं लागणार होतं. कॉलेजच्या डॉक्टरबाईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि सांगितलं, "रोज जे खाशील ते फोनवर लिहून ठेव. पुढच्या वेळी मला दाखव."

तिने अ‍ॅप घेतलं तेव्हा मी खवळले होते. पोरींना वजनकाट्यावर चढवायचं, प्रत्येक घासाची लाज वाटायला लावायची आणि मग पावडरीचे डबे विकायचे, हा सगळा बाजाराचा डाव आहे, असं एक लांबलचक भाषण मी खाटेवर उभी राहून ठोकलं. तिने ते शांतपणे ऐकून घेतलं. मग पाकिटातली एक लाल टिकली सोलली आणि अ‍ॅपमध्ये कॅलरीचा आकडा जिथे येतो, तिथे फोनच्या काचेवर चिकटवली. "मला आकडा बघायचाच नाहीये. ताटात डाळ आली का, हिरवं काही आलं का, तेवढं बघायचंय. आता बोल." मी खाटेवरून खाली उतरले. ती टिकली काचेवरून हललीच नाही. व्हिडिओ कॉल केला की ती बरोबर आईच्या नाकावर बसायची आणि आई तिकडून विचारायची, "काय गं हसतीयास?"

अ‍ॅपशी तिचं रोज भांडण. ताटाचा फोटो काढला की पदार्थ ओळखतं, अशी त्याची ख्याती. भाकरीला ते पॅनकेक म्हणालं, तेही तिने सोसलं. पण अळूच्या फदफद्याला त्याने 'अज्ञात पदार्थ' म्हटलं, त्या दिवशी ती जेवणावरून उठली. "अज्ञात? ह्याच्या बापाला विचार म्हणावं!" मग ती रोज एकेक नाव स्वतःच त्यात भरत गेली. माठ, चाकवत, हुलग्याचं माडगं, मेथीची गोळाभाजी, सगळं मराठीत. एपीएमसी मार्केटात माथाडी काम करणारे तिचे चुलते अधूनमधून राजगिऱ्याच्या जुड्या पाठवायचे. आमच्या खोलीत पुस्तकं एका खुर्चीवर आणि पालेभाजी टेबलावर, अशी व्यवस्था असायची. जासईला मैत्रिणीच्या लग्नात तर तिने अख्खी पंगत खोळंबवली. सगळ्यांची पानं वाढून झालेली, आणि भाकरी, वाल, मटण सगळं फोटोच्या एका चौकटीत बसेना म्हणून ही बाकावर उभी. शेवटी नवरीची आत्या ओरडली, "आगो बाय, निवलं ना जेवान! फोटू काय खानार हायस?"

इतकं सगळं करून दिवाळीच्या आधी तिने रक्त तपासलं, तर हिमोग्लोबिन होतं तिथेच. गोळ्या चुकल्या नव्हत्या, पालेभाज्या चुकल्या नव्हत्या. मी सोबत गेले होते. डॉक्टरबाई फोनवर बोट सरकवत नोंदी बघत होत्या, भुवया उंचावत होत्या, बडीशेपेपाशी जरा हसल्याही. मग त्यांनी विचारलं, "सगळं आहे गं यात. चहा कुठे आहे? घेत नाहीस?"

"घेते ना."

"मग लिहिला का नाहीस?"

माझी रूममेट खरोखर गोंधळली. "मॅडम, चहा कुठे खाण्यात धरतात?"

तिचंही बरोबरच होतं. आपल्याकडे 'मी काहीच घेतलं नाही' असं म्हणणारा पाहुणा दोन कप रिचवून बसलेला असतो. तिच्या घरी तर जेवणाचं ताट उचलायच्या आत कडक चहा पुढे येतो. हॉस्टेलवरही तिचा तोच क्रम होता: राजगिऱ्याची भाजी, वर लगेच चहा. गोळी, वर लगेच चहा. "अगं, जेवणावर चहा ढोसलास तर त्या भाजीतलं लोह अंगाला लागणार कसं?" डॉक्टरबाई म्हणाल्या. परत येताना ती वाटभर फोनवर जुन्या नोंदी मागे सरकवत होती. रक्त वाढलं नाही याहून आपल्या नोंदी खोट्या होत्या, याचं तिला जास्त लागलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून तिने चहा लिहायला घेतला आणि आम्ही बघतच राहिलो. स्क्रीनभर चहाच चहा! मग तिने तो जेवणापासून लांब हाकलला, लोह अंगाला लागावं म्हणून ताटात लिंबाची फोड आणून बसवली आणि मेसच्या टेबलावर उभी राहून ही बातमी सगळ्यांना दिली. अर्ध्या मुली असल्याच गोळ्यांवर होत्या. मी त्याच दिवशी एक पत्रक लिहिलं, 'जेवणावरचा चहा हटवा', आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदा माझं पत्रक लोकांनी शेवटपर्यंत वाचलं. पंधरवड्यात मजल्यावरच्या बहुतेक मुली आपापल्या फोनवर नोंदी करू लागल्या, एकमेकींच्या चोऱ्या पकडू लागल्या. मेसच्या काकू कुरकुरल्या, "आता चहाचं पातेलं पाचला चढवते बाई. नाहीतर ह्या दोघी मोर्चा आणतील माझ्यावर." आम्ही आणलाही असता.

संक्रांतीच्या आठवड्यात नवा रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन चांगलं सणसणीत वर चढलं होतं. ती कागद डोक्यावर धरून सगळा जिना पळत चढली, कुठेही न थांबता, धाप न लागता, आणि वर पोचून ओरडली, "मी राहतेय!" मुलींनी ताटं बडवली. मी तिला खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला आणि दोघी मिळून पडलो.

दुसऱ्या दिवशी तिची आई आली. ठरल्याप्रमाणे सामान न्यायला एक मोठी रिकामी पिशवी घेऊन आली होती. तिने रिपोर्ट हातात घेतला, लेकीच्या डोळ्यांची खालची पापणी ओढून आतला लाल रंग स्वतः बघितला आणि म्हणाली, "झ्याक झालं." मग खाटेवर बसून पिशवीची नीट घडी घालत राहिली. घडी मांडीवर ठेवून म्हणाली, "खिडकीखालची खाट रिकामी केलीया म्या. तुला उजेड लागतो नव्हं अब्यासाला... असूदे. पाव्हणंरावळं झोपतील."

आम्ही दोघी तिला साताऱ्याच्या गाडीत बसवायला गेलो. माझ्या मनात अजून कालच्या घोषणा चालू होत्या. आईने खिडकीतून लेकीच्या गालावरून हात फिरवला, गाडी हलली, हायवेला लागली, दिसेनाशी झाली. माझी रूममेट तरी तिथेच उभी. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "गावच्या यात्रेला या वर्षी जरा आधीच जाऊ या का आपण?"

मी हो म्हटलं.