दोन रायफली आणि एकही बार नाही

बंदुका दुरुस्त करायच्या दुकानात गिऱ्हाईक कमी आणि माणसं जास्त झाली की किस्से साठत जातात. आमचं दुकान शिवाजी पेठेत, वडिलांपासूनचं. शिकारीला बंदी येऊन जमाना झाला. बंदूक उडवायचीच नाही म्हटल्यावर ती बिघडणार कशी? त्यामुळं लोक हल्ली माझ्याकडं दुरुस्तीला येत नाहीत, भांडायला येतात. चहा माझा, स्टूल माझं, डोकंही माझंच.

त्यात कायमचे दोन मेंबर, बापू आणि अण्णा. दोघांकडं आजोबांच्या काळातल्या लिव्हरवाल्या शिकारी रायफली. चापाभोवती लोखंडी कडी असते. ती खाली ओढून वर घेतली की वापरलेलं काडतूस बाहेर आणि नवं आत. खटाक्-खटाक्. त्या मापाची काडतुसं आता कुठंच मिळत नाहीत, त्यामुळं दोघांनीही आपापल्या रायफलीतून जन्मात एक गोळी झाडलेली नाही. पण कुणाची भारी, यावर रोज जुंपते. गाडी न चालवता ॲव्हरेज सांगणारी माणसं मी इथंच बघितली.

सध्या बापूंचा जीव टांगणीला लागलाय. वय झालं, हात थरथरतो म्हणून लायसन पुढं वाढवून मिळणार नाही. लायसन घरातल्या कुणाच्या नावावर केलं नाही, तर रायफल घरातून जाणार. पोरगा पुण्यात कॉम्प्युटरवाला. तो म्हणाला, "मला नको, सोसायटीत विचारतील." विकायची म्हटली तर घेणारा एकच, अण्णा. अण्णांनी हॉलमध्ये स्वतःच्या रायफलीच्या खाली दोन खुंट्या आधीच ठोकून ठेवल्यात. सांगताना 'खाली' या शब्दावर जरा जोर देतात.

*

अण्णांच्या रायफलीची नळी अष्टकोनी. त्याचा त्यांना फार अभिमान.

"गोळी कोपऱ्याकोपऱ्यानं जाती व्हय रं?" बापूंनी एकदा विचारलं.

"तुमची गोल हाय न्हवं? मग गोळी गोल फिरून तुमच्याकडंच यायची."

मिटेना, तेव्हा मी काडी टाकली, की चांगली रायफल वजनावरून कळते. दोघं लगेच शेजारच्या मटणाच्या दुकानात. रविवार, ही लाईन! मालकानं हातातला सुरा ठेवला, दोन्ही रायफली बघितल्या आणि काटा पुसत विचारलं, "हाडासकट करू का बोनलेस?"

बापूंची जड भरली. बापू म्हणाले, "बघ, माल भरीव हाय." अण्णा म्हणाले, "जुनं मॉडेल म्हणून जड. आमचा फ्रिजपण पयला असाच जड हुता."

*

खंडेनवमीला शस्त्रं पुजतात. साधी माणसं हळदकुंकू वाहून मोकळी होतात. अण्णांना यंदा वाटलं, आपली रायफल खानदानी, तिला पंचामृताचा अभिषेक पाहिजे. दूध, दही, तूप, मध, साखर, सगळं कडीपासून नळीपर्यंत.

चार दिवसांनी रायफल पोत्यात घालून माझ्याकडं. कडी हलेना. मी नळी टेबलावर आपटली, तर आतून मुंग्यांची फौज बाहेर पडली. काही चालत, बऱ्याच मेलेल्या.

बापू वाकून बघत होते. चष्मा सरळ केला आणि गंभीर आवाजात म्हणाले, "अण्णा, अभिनंदन. खातं उघडलं म्हणायचं तुझ्या रायफलीनं."

*

निवडणूक लागली की लायसनच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. शांतता भंग होऊ नये म्हणून. ज्यांच्यामुळं ती भंगते ते उमेदवार हार घालून गल्लीगल्लीत मोकळे, आणि जिनं मुंगीपलीकडं काही मारलं नाही ती रायफल कोठडीत.

गेल्या वेळी हवालदारानं दोघांच्या रायफली एकाच कोपऱ्यात उभ्या केल्या. बापूंचा चेहरा पडला.

"हवालदार, माझी जरा लांब ठेवा की. तिची लिव्हर त्याच्या रायफलीला घासतीया."

"पावणं, हे ठाणं हाय. लेडीज-जेंट्स वेगळं न्हाय हितं."

पुढं निकाल लागेपर्यंत बापू एक दिवसाआड ठाण्यात. हातात तेलाची बाटली, मऊ फडकं. खिडकीतून विचारायचे, "गंज-बिंज न्हाय न्हवं धरला?" अण्णा बघायला जायचे ते बापू काय करतात हे बघायला. शेवटी हवालदार वैतागून म्हणाला, "घरनं जेवणाचा डबा तेवढा आणू नका, भेटायची वेळ मी लिवून लावतो."

*

बापूंचं भाताचं शेत शाहूवाडीकडं. तिथं रानडुकरं शिरली. वाटेकऱ्याचा फोन आला, "बापू, भात लोळवलं सगळं. रायफल घिऊन या."

काडतूस नाही, मारायला परवानगी नाही. तरी बापू कडक इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. मला आणि अण्णांना साक्षीला घेतलं. दिवस मावळायला आलेला. डुकरं बांधापलीकडं निवांत चरत होती.

बापू म्हणाले, "ह्या लिव्हरचा आवाज वाघालाबी कळतो. आता बघा."

खटाक्-खटाक्.

मोठ्या डुकरानं मान वर केली. बापूंकडं बघितलं. पायापासून शर्टापर्यंत बघितलं. पुन्हा खायला लागलं. बापूंनी परत कडी ओढली. या वेळी त्यानं मानसुद्धा वर केली नाही.

मग वाटेकऱ्याच्या बायकोनं झोपडीतला तेलाचा रिकामा डबा आणला आणि काठीनं बडवला. कळप ओढ्यापार.

परतीच्या वाटेवर जीपमध्ये बापू रायफल पुसत बसले. मग अण्णा हळूच म्हणाले, "बापू, डब्याचं लायसन निघतंय का बघूया की."

*

शेवटी बापूंनी ठरवलं, की अण्णाला द्यायचीच वेळ आली तर आधी जगाला कळू दे कुणाची रायफल श्रेष्ठ. जुन्या वस्तूंची किंमत करणारा एक माणूस पुण्याहून बोलावला. तो माझ्याच दुकानात बसला. पांढरे हातमोजे, डोळ्याला भिंग. बापूंची रायफल सागवानी पेटीत, अण्णांची मखमली गवसणीत. त्यानं दोन्हीच्या नळीतून बॅटरी मारून बघितली, दस्त्यावर टिचक्या मारल्या, कडी ओढून तिचा आवाज ऐकला.

"दोन्ही बऱ्या आहेत," तो म्हणाला. "पण काडतूसच नाही, तर घेणार कोण?"

"तरीपण," बापू म्हणाले, "दोन्हीत डावी-उजवी?"

त्यानं भिंग पेटीवरून फिरवलं. "पेटी उत्तम आहे. नुसती पेटी द्याल का?"

अण्णा हसले ते हसले. बापू मात्र रिक्षात पेटी मांडीवर घेऊन बसले आणि घरी गेले. पुढचे काही दिवस दुकानाकडं फिरकलेच नाहीत. अण्णांनी घरच्या खुंट्यांना पॉलिश मारून घेतलं. पण दुकानात एकटेच स्टुलावर बसून, समोरच्या रिकाम्या स्टुलाला अष्टकोनी नळीचे फायदे सांगायला लागले, तेव्हा मलाच कसंतरी झालं.

*

आणि एका सकाळी बापू आले, ते काकींच्या मागून. काकी म्हणजे त्यांची बायको. जिनं त्या रायफलीला आजवर 'लोखंडाची सवत' याशिवाय दुसरं नाव दिलं नाही.

"लायसन माझ्या नावावर करायचं," काकी म्हणाल्या. "काय कागद लागत्यात?"

अण्णांच्या हातातला चहा कलंडला.

चौकशीला ठाण्यात बोलावलं, तेव्हा मी सोबत होतो. साहेब नवा, तरुण. काकींना खुर्ची दिली.

"आजी, तुम्हाला बंदूक कशाला पाहिजे? शेतात जनावरं येतात का?"

"येत्यात. पर ती ह्यास्नी भीत न्हाईत."

"घरात दागिने, रोकड? चोरीचं भय?"

"काय न्हाय ओ."

"मग कुणाशी वैर?"

"कशाचं वैर."

साहेबानं पेन खाली ठेवलं. "आजी, कारणाशिवाय लायसन देता येत नाही."

बापूंनी डोळे मिटले. काकींनी पदर सावरला आणि खुर्ची जरा पुढं ओढली.

"सायेब, ही रायफल हाय म्हणून हे सकाळी न्ह्यारी करून भाईर पडत्यात. त्या अण्णासंगं भांडत्यात आन दिवं लागायला घरला येत्यात. रायफल गेली की भांडान संपलं. मग हे दिवसभर घरात. सोप्यावर. माझ्या म्होरं."

साहेबानं एकदा बापूंकडं बघितलं. मग पेन उचललं आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं,

"कारण, स्वसंरक्षण."