दादाच्या खांद्यावरचं दळण

माझ्या दादाला अक्षर यायचं नाही, आकडा कळायचा नाही, आणि विशी उलटली तरी आज कोणता वार हे सांगता यायचं नाही. अशा माणसासाठी आमच्याकडे तेव्हा एकच शब्द होता, तो मी इथं लिहिणार नाही. आज लिहायला बसले ते रडगाणं गायला नव्हे. पूर्णेच्या रेल्वे क्वार्टरांतल्या बायकांचे उपकार एकदा तरी मोठ्यानं सांगावेत, एवढ्यासाठीच.

वडील रेल्वेत पॉइंट्समन होते, रुळांचे सांधे बदलणारे. दादा अंगानं थोराड, आणि त्याला एक काम छान जमायचं: दळण आणणं. सकाळी दारोदार फिरून डबे घ्यायचा, एका खेपेला दोन, दोन खांद्यांवर. स्टेशनामागच्या चक्कीवर न्यायचा आणि दळून झाले की घरोघर पोचवायचा. डब्यांवर रंगानं नावं लिहिलेली असत, पण दादाला त्यांचा उपयोग नव्हता. तो डबा ओळखायचा पोचा बघून आणि झाकण बघून.

समोरच्या ओळीत गार्डसाहेबांची बायको राहायची. आम्ही त्यांना गार्डकाकू म्हणायचो. माहेर बोरीचं, घरची भरपूर जमीन. बोलायला मोकळ्या, पण आम्ही बौद्ध, म्हणून आमच्या घरचा चहा त्यांनी कधी घेतला नव्हता. पीठ दादाच्या खांद्यावरून आलेलं चालायचं आणि आमच्या कपातला चहा चालायचा नाही, हे गणित त्यांचं त्यांनाच ठाऊक.

दुष्काळाची वर्षं होती. आमच्या डब्यात रेशनवर मिळणारी परदेशी लाल ज्वारी, मिलो, असायची, काकूंच्या डब्यात माहेरून आलेली पांढरीशुभ्र ज्वारी. त्यात नेमके माय आणि काकू दोघींनी एकाच दुकानातून एकसारखे नवे कोरे डबे आणले. एका सकाळी मायनं भाकरीसाठी झाकण उघडलं, तर आत पांढरं पीठ.

मायच्या तोंडचं पाणी पळालं. आमचं पीठ काकूंच्या घरात गेलं होतं. दादाला ती रागावली नाही. "आजपासून दळण बंद," एवढंच म्हणाली. लोकांनी येऊन बोलण्याआधी आपणच थांबलेलं बरं, असा तिचा विचार.

दादा उंबऱ्यावर बसून राहिला. जेवायला हाक मारली तरी उठेना. समोरून कुणी डबा घेऊन गेली की नुसती मान वर करायचा. मला मायचा भयंकर राग आला, आणि तितकीच भीतीही वाटली. हे काम सुटलं तर त्याच्याकडे दुसरं काहीच नव्हतं.

दुपारी गार्डकाकू आल्या. मायनं पांढऱ्या पिठाचा डबा त्यांच्यापुढे ठेवला.

"चुकलं ओ काकू. लेकराला कळत न्हाई. आमी हात लावला न्हाई याला."

"आमी लावला की तुमच्याला," काकू म्हणाल्या. "भाकरी थापल्या अन् खाल्ल्या. साहेब बांधून घेऊन गाडीवर बी गेले."

"लाल पीठ दिसलं न्हाई का तुमाला?"

"दिसलं. डोळे हायत मला." मग दादाकडे वळून म्हणाल्या, "आन् तू काय बसलास रे? माझे गुडघे लय दुखायलेत. उद्याचं दळण काय मी नेऊ?"

येताना त्यांनी जुन्या हिरव्या लुगड्याची चिंधी आणली होती. ती आपल्या डब्याच्या कडीला बांधून त्यांनी दादाला दाखवली. दोन-चार दिवसांत सगळ्या क्वार्टरांतल्या डब्यांना चिंध्या लागल्या, जिच्या-तिच्या नेसणीतल्या. कोणती बाई काय नेसते हे दादाला माझ्यापेक्षा पक्कं ठाऊक होतं. एकीनं दिवाळीला नवं पातळ घेतलं, तर हा डबा घेऊन तिच्या दारात गोंधळून उभा. ती बिचारी आत गेली आणि जुनं नेसून बाहेर आली, तेव्हा त्यानं डबा खाली ठेवला.

पुढच्या उन्हाळ्यात मानवतला मामाच्या मुलीचं लग्न निघालं. दादाला सोडून माय एक रात्रही कुठं राहिली नव्हती, आणि लग्नात त्याला नेलं की पोरं खडे मारायची. ती जायला तयारच होईना. गार्डकाकूंनीच तिला ढकललं.

"तुमी जावा. आमच्यात जेवंल तो."

माय मला घेऊन गेली खरी, पण मांडवात तिचं चित्त नव्हतं. वाढपी समोर आला की मला विचारायची, "जेवला असंल का गं?" परतीच्या पॅसेंजरमधून पूर्णेला उतरलो आणि पिशवी माझ्या हातात देऊन ती जवळजवळ पळतच सुटली.

क्वार्टरांच्या वळणावर दादा समोरून आला. दोन खांद्यांवर दोन डबे, सदरा पिठानं माखलेला. मायनं त्याला जवळ घ्यायला दोन्ही हात पुढे केले.

"सरक माय," दादा म्हणाला. "काकू वाट बघायल्यात." आणि तिला वळसा घालून निघून गेला.

माय रस्त्यातच उभी राहिली. मग हसायला लागली, आणि हसता हसता पदरानं डोळे पुसत मला म्हणाली, "माझ्यावाचून काई अडलं न्हाई गं त्याचं."

इतक्या आनंदानं हे वाक्य म्हणणारी दुसरी आई मी पाहिलेली नाही.