उम्म अल कुवैनची सवत

आधी माझा मूर्खपणा सांगून टाकते, म्हणजे पुढे हसायला तुम्हाला संकोच नको. वीसेक वर्षांपूर्वीच्या एका शुक्रवारी मी नारळ खवला, वाटण वाटलं, कोकमं भिजत घातली आणि आमच्या शारजाच्या बिल्डिंगमधल्या शेजाऱ्यांना जेवायला बोलावलं. कारण आमचे हे पहाटेच मासे धरायला गेले होते. दुपारी आले ते उन्हानं लाल, भलतेच खूश... आणि रिकाम्या हातांनी.

"मासा कुठाय?"

"सोडला."

"म्हणजे निसटला?"

"नाही गं, धरला होता. चांगला हातभर. मग दिला सोडून. फ्लाय फिशिंगमध्ये तसंच करतात."

आम्ही मूळचे रेवदंड्याचे. आमच्याकडे मांजराला काटा टाकायचा तरी आधी दोनदा चोखून टाकतात. धरलेला मासा पाण्यात सोडून देणारा पुरुष मी माहेरी पाहिला नव्हता, सासरीही नाही. तेव्हा पाहुण्यांच्या ताटात बटाट्याचं कालवण वाढता वाढता मी निष्कर्ष काढला — मासा सोडलेला नाही. मासा कुणाच्या तरी घरी पोचलाय. कुठेतरी दुसरी चूल आहे!

हसा, हसा. त्या बाईला मीही हसते.

भुतंखेतं मी मानत नाही. तेव्हाही नव्हते मानत. अमावास्येला दिवेलागणीनंतर नखं कापणारी मी. संशयावर मात्र माझी गाढ श्रद्धा होती.

ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगते. या प्रकारात गळाला खरं आमिष नसतं. पिसं, केस, चमकी असं काहीबाही दोऱ्यानं बांधून खोटा किडा नाहीतर खोटा मासा करायचा. तो म्हणजे फ्लाय. मग गळाच्या लांब काठीनं जाड दोरी डोक्यावरून मागे-पुढे झुलवत तो लांब फेकायचा. ऑफिसातल्या एका स्कॉटिश साहेबानं यांना हा नाद लावला होता. हे जेवणाच्या टेबलावर बसून फ्लाय बांधायचे आणि चमकीसाठी माझ्या जुन्या हिरव्या साडीची जर उसवायचे. ऑक्टोबर सरता सरता उन्हाळा मोडला की उम्म अल कुवैनच्या खाडीत सीझनचे पहिले मासे शिरतात. चांदीच्या पात्यासारखे लांबट. नाव काय, तर क्वीनफिश. म्हणजे माझ्या साडीची जर लावून हे राणीला भेटायला जाणार, आणि मी घरी वाटण वाटणार!

पुढच्या शुक्रवारी मी सरळ गाडीत जाऊन बसले.

"कंटाळशील," हे म्हणाले.

"कंटाळू दे. यल्ला, चला."

गाव मागे टाकून वाळूतल्या कच्च्या वाटेनं जिथे तिवरांची झाडी संपते, तिथे हे गाडी लावायचे. सकाळ होती, लख्ख ऊन. ओहोटीमुळे पाणी गुडघ्याएवढं, आणि लांबवर हे एकटे. मी किनाऱ्यावर घडीच्या खुर्चीत, मरून पंजाबी ड्रेसमध्ये, मांडीवर थालीपिठांचा स्टीलचा डबा घेऊन, पोलिसासारखी.

यांची फेक तेव्हा अगदीच भिकार होती. उजवं कोपर सारखं बाहेर उडायचं आणि दोरी मागेच गुंता होऊन पडायची. बरं झालं, म्हटलं. डबा उघडायला खाली पाहिलं, वर पाहिलं — तर यांच्या उजव्या अंगाला एक बाई उभी.

म्हातारी! टोपीखालून पांढरी शेपटी लोंबतेय, एका हातात काठी, यांच्या काठीसारखीच. बघता बघता दुसऱ्या हातानं तिनं यांचं कोपर धरलं. आणि अंगात शर्ट कुठला? मी यांना वाढदिवसाला घेतलेला, पाठीवर झडप असलेला आकाशी. तोच तेव्हा यांच्याही अंगात होता. मॅचिंग! नवरा-बायको म्हणून आम्ही कधी मॅचिंग घातलं नव्हतं हो.

मग यांनी फेक केली, आणि दोरी अशी सुरेख उलगडत गेली की मला रडूच आलं. रागानं. बाई मान वळवून माझ्याकडे पाहायला लागली. मग चक्क हात हलवला, आणि दात काढून हसली.

मी तशीच चपला घालून पाण्यात घुसले. चार पावलांवर एक चप्पल चिखलात रुतली. ती उपटायला वाकले, मान वर केली, तर हे एकटे.

"कोण होती ती?"

"कोण कोण होती?"

"म्हातारी! तुमचं कोपर धरून उभी होती!"

यांनी चारी दिशांना पाहिलं. तिथे लपायला होतं काय — सपाट पाणी, लांब तीन-चार फ्लेमिंगो. "ऊन लागलंय तुला. चल, पाणी पी."

परतताना गाडीत यांनी एसीचा झोत माझ्याकडे वळवला. मग म्हणाले, "खरं सांगू? आज मला काहीतरी विचित्र वाटलं. कुणीतरी कानाशी सारखं सांगत होतं, अहो, कोपर खाली घ्या. कोपर खाली. घेतलं, आणि फेक जमली."

"अहो म्हणाली?"

"तसंच वाटलं."

जगात कुणीही कुणाला अहो म्हणतं, ते मला कळतं. पण यांनी ज्या सुरात ते म्हणून दाखवलं ना, तो सूर दुकानदाराला हाक मारायचा नव्हता. तो घरातला होता. महिनाभर मी झोपले नाही. काय गं बाई मी! नवऱ्यावर डोळा ठेवून कोण, तर साठी कधीच उलटलेली, गालफडं बसलेली म्हातारी — आणि मी आरशासमोर उभी राहून लिपस्टिक लावतेय.

शेवटी यांना तिच्या ताब्यात एकटं सोडायचं नाही म्हणून मीच फ्लाय फिशिंग शिकले. खोटं नाही सांगत, यांच्यापेक्षा बरी शिकले. पुढे कितीतरी सीझन आम्ही दोघं त्याच पाण्यात उभे राहिलो. यांचं कोपर उडालं की मी टोमणा मारायची, "तुमची ती काय सांगून गेली? अहो, कोपर खाली घ्या!" हे म्हणायचे, "ती प्रेमानं सांगायची." मासे मात्र आम्ही सोडूनच देत असू. प्रत्येक वेळी माझा जीव तुटायचा, ते जाऊ दे.

हे जाऊन आता चार वर्षं झाली. मी मुलाकडे दुबईत असते. काठ्या कपाटावर पडून होत्या. गेल्या नोव्हेंबरात माझी नात रेवा म्हणाली, "आजी, लेट्स गो. आय विल ड्राइव्ह." हिचा जन्म इथलाच. मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्लिशमध्ये. मी यांचा शर्ट चढवला, बाह्या लांब म्हणून. तो आकाशी आहे हे काय मला माहीत नव्हतं? पण खरंच सांगते, डोक्यात काही आलं नाही. आपल्या कपाटातला शर्ट आपल्याला भुताचा थोडाच वाटतो.

तीच जागा. तिवरं वाढलीत, बाकी तेच. रेवा गाडीपाशी फोनवर, तिच्या कॉलेजच्या मैत्रिणीचा कॉल सुरू होता. मी गुडघाभर पाण्यात गेले आणि दोन-चार फेकी केल्या. हात विसरला नव्हता. रेवा काय करतेय म्हणून मागे पाहिलं.

गाडीच्या जरा अलीकडे, घडीच्या खुर्चीत एक गुटगुटीत बाई बसली होती. मांडीवर स्टीलचा डबा. मरून पंजाबी ड्रेस, ज्याची मी केव्हाच फडकी करून ती वापरून फेकूनही दिलीत. तोंड असं, की आत्ता उठून कुणाला तरी खाईल.

मला भीती नाही वाटली. आधी वाटलं, अगं बाई, मी इतकी जाड होते? मग तिची नजर कुठे आहे ते माझ्या लक्षात आलं, आणि माझ्या हातातली दोरी पाण्यात तशीच पडून राहिली. ती माझ्याकडे बघायची, मग माझ्या डाव्या बाजूला. पुन्हा माझ्याकडे, पुन्हा तिथेच. माझ्यापेक्षा वीतभर उंच, माणसाच्या तोंडाकडे बघावं तशी.

मी झटकन डावीकडे वळले.

पाणी. नुसतं पाणी, त्यावर ऊन.

तिला हे दिसत होते. मला नाही! चार वर्षं मी एका क्षणासाठी काहीही दिलं असतं, आणि ही ठोंबी किनाऱ्यावर बसून फुकटात बघतेय, तेही कपाळाला आठ्या घालून. इतकी मी आयुष्यात कुणावर जळले नाही. त्या पहिल्या खेपेलाही नाही. तिला ओरडून सांगावंसं वाटलं, अगं मूर्खे, नीट बघून घे, डबा ठेव बाजूला आणि बघ!

त्याऐवजी मी डावा हात पुढे केला, यांचं कोपर जिथे यायचं तिथे. हाताला काही लागलं नाही. तरी धरून राहिले. किती वेळ, माहीत नाही. मग ती तोंड वेंगाडून रडायच्या बेतात आली, तेव्हा माझ्यातला वाह्यातपणा जागा झाला. काठी काखेत धरून मी हात हलवला आणि मनसोक्त हसले. जळ म्हटलं, तूही जळ! ती ताडकन उठली, चपलांसकट पाण्यात घुसली, चार पावलांवर वाकली... आणि पुढे कुणी नव्हतं. रेवा फोन खिशात टाकत माझ्याकडे येत होती.

मुलगा म्हणतो, शुगर लो झाली असेल. डॉक्टर म्हणतात, ऊन आणि वय. असेल. पण वीस वर्षांपूर्वी माझी शुगर उत्तम होती, आणि त्या वयात मी आजच्या माझ्या पांढऱ्या शेपटीची कल्पना कुठून करणार? मला याचा उलगडा होत नाही. तुमच्यापैकी कुणाला होत असेल तर सांगा, पण मला शहाणी करायच्या नादात ते एक वाक्य माझ्याकडून काढून घेऊ नका.

कारण रेवाला मी यातलं काहीच सांगितलं नव्हतं. आजोबांच्या फेकीची गोष्ट नाही, त्या बाईची तर नाहीच. आणि पाण्यात असताना मी तोंडातून एक शब्द काढल्याचं मला आठवत नाही. तिनं मला हात देऊन बाहेर काढलं, आम्ही आणलेल्या डब्यातलं थालीपीठ माझ्या हातावर ठेवलं, आणि विचारलं:

"आजी, हू वेअर यू टॉकिंग टू? यू केप्ट सेइंग, 'अहो, कोपर खाली घ्या... कोपर खाली.'"