गाडी चालू झाल्यावर

आमच्या खामगावच्या घरामागे वडिलांची जुनी अँबेसिडर गंजत उभी होती. ती दुरुस्त करावी की भंगारात द्यावी, हे ठरत नव्हतं, म्हणून गाड्यांचं डेंटिंग करणाऱ्या एका माणसाला बोलावलं. उंच, मितभाषी माणूस. बोटाच्या पेरानं एकेक दार ठोकायचा आणि आवाज ऐकताना डोळे मिटून घ्यायचा.

पाहून झाल्यावर तो म्हणाला, "खालचा पत्रा नवा लागन. बाकी होऊन जाईन. पण चालू झाल्यावर जाचं कुठी हाये?"

"तसं काही ठरवलं नाही," मी म्हणालो.

"मंग राहू द्या. नुसती उभी राह्यली तं पुन्हा गंजते."

इतके दिवस मी फक्त गंजच पाहत होतो; जायचं कुठे, हे मनातच आलं नव्हतं. तेवढ्यात दारातून बायको म्हणाली, "रोहिणखेडले, माहेरी. माह्या आईले आता बसमध्ये चढता येत नाही."

त्यानं मान हलवली, खिशातून खडू काढला आणि गंजलेल्या जागांवर खुणा करायला लागला.

आता अधूनमधून सासूबाई पुढच्या सीटवर बसतात. वाटेत ओळखीचं कुणी दिसलं की त्या काच खाली करतात, आणि त्यांनी न सांगताच मी गाडी थांबवतो.