काठावर तीन होड्या

पहिलीच्या वर्गाला शिकवायला मला एका महिन्याच्या बोलीवर ठेवलं होतं. महिना संपत आला तेव्हा मोठ्या बाई म्हणाल्या, "शनिवारी वजाबाकी घ्या. मी मागे बसून बघेन, मग ठरवू." माझं शिक्षण इंग्रजी शाळेतलं, आवाज बारीक. मासेमारीच्या त्या गावात ओळख फक्त घरमालकिणीशी, तीही पाणी आलं की नाही एवढ्यापुरती.

पुस्तकातली सफरचंदं मुलांना परकी वाटायची, म्हणून मी फळ्यावर पाच होड्या काढल्या. "दोन समुद्रात गेल्या," म्हणत दोन होड्यांवर फुली मारली. "आता किती उरल्या?"

पुढे बसणारी एक मुलगी उठली.

"बाई, फुली नको मारू. माझा बाबा परवाच होडी घेऊन गेलाय."

"चित्रातली होडी आहे गं."

"चित्रातली हाय, तरी नको."

"बाईंना काय म्हाईत, त्या शहरातल्या," मागून कोणीतरी म्हणालं. सगळे हसले. ती हसली नाही.

मी घाईने डस्टर घेऊन त्या दोन होड्या पुसूनच टाकल्या. हसणं थांबलं. हे फुलीपेक्षा वाईट झालं, ते मला तेव्हा कळलं. मोठ्या बाई वहीत काहीतरी लिहीत होत्या. मी खडू तिच्याच हातात दिला.

तिने चवड्यांवर उभं राहून, वर हात पोहोचेल तिथे, दोन छोट्या होड्या काढल्या. मग खालच्या होड्यांकडे बोट करून म्हणाली, "त्या दोन समुद्रात. काठावर तीन." बाकीच्यांनी वहीत तसंच काढलं.

शाळा सुटल्यावर मोठ्या बाई म्हणाल्या, "पुस्तकात फुलीच आहे, तीही शिकवावी लागेल. पण उत्तर सगळ्यांचं बरोबर आलं. सोमवारपासून या. आवाज जरा मोठा काढा."

आईला फोनवर सांगितलं, काम टिकलं. त्यानंतर रविवार पूर्ण गेला तरी कोणाशी बोलायचं काही निघालं नाही.

सोमवारी ती मुलगी माझ्याआधी वर्गात आली होती. फळ्याच्या वरच्या भागात काही नव्हतं. खाली पाच होड्या होत्या, दोन नव्या, जरा वाकड्या.

"बाबा आला?"

"व्हय," म्हणाली आणि मैत्रिणीशेजारी जाऊन बसली.

त्या दिवशी मी फळा पुसला नाही. उरलेल्या जागेत त्या दिवसाची गणितं बारीक अक्षरात लिहिली.