नेमाच्या चकतीतली विभूती

परातीतलं पीठ अजून निम्मं होतं. तव्यावरची ज्वारीची भाकरी पापुद्रा धरत होती आणि पुढची दानम्माच्या हाताखाली गोल होत होती. तेवढ्यात अण्णाराव येऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसले. हातात रायफल क्लबच्या कपाटाची किल्ली.

"उद्या ही देऊन टाकतो," ते म्हणाले. "डोळे गेले. चष्म्याला नवी भिंगं टाकायला सांगून आलोय, पण त्यानं काय व्हायचं न्हाय."

फौजेतून परतल्यापासून ते क्लबात पोरापोरींना नेमबाजी शिकवत आले होते. त्या रेंजविना हा माणूस दिवसभर काय करील, हे दानम्माला काही केल्या डोळ्यांपुढं येईना.

"जवळचं तर लागतंय म्हणला की."

"पंचवीस मीटरवर नखाएवढी डावीकडं जाती. ध्यानातबी येत न्हाय. पन्नासावर त्याच्या दुप्पट, शंभरावर चौपट. नंदीध्वज आठवतो का तुला?"

तिला आठवला. लग्नानंतरची पहिली यात्रा. कुणाच्या तरी गच्चीवरून तिनं पाहिलं, तर खालच्या गर्दीत नवरा कुठं दिसेना. फक्त त्याच्या कमरेला पेललेल्या उंच काठीचा शेंडा आभाळात हळूहळू डुलत होता. हार, ऊन, भंडाऱ्याचा पिवळा धूर.

"कमरंपाशी तिळाएवढं हललं तर शेंडा हातभर जायचा," अण्णाराव म्हणाले. "गोळीचं तसंच हाय."

"वारा असंल."

"लांबच्या गोळीला वारा ढकलतो, वजनानं ती खालीबी उतरती. पण वारा रोज एकीकडनं येत न्हाय. माझी गोळी रोज डावीकडंच. रायफलीचा नेम मी बसवलेला, कपाटाची किल्ली माझ्यापाशी. मग उरलं काय? हा थकलेला डोळा."

दानम्माचा हात थांबला. खंडेनवमीला रेंजवर शस्त्रांची पूजा तिनंच केली होती. यांच्या रायफलीला विभूतीची बोटं ओढताना थोडी नेमाशेजारच्या बारक्या चकतीच्या दातांत सांडली. देवाची विभूती अशी अडकून कशी ठेवायची, म्हणून तिनं पदराच्या टोकानं चकती हळूच पुसून घेतली. टक, टक, असा आवाज आला. तिला तेव्हा वाटलं, रायफलीनं नमस्कार घेतला.

"अहो, ती कडेची चकती फिरती का?"

"दोन दात फिरली तरी नेम सरकतो. का?"

"पुसली की मी. पूजेच्या दिवशी."

तव्यावरची भाकरी काळी पडली, तरी कुणी उलटली नाही.

"एवढ्या वर्षांत माझा नेम कुणाला हलवता आला न्हाय," ते शेवटी म्हणाले, "आन् तू पदरानं हलवलास व्हय."

"मग पुढच्या वर्षी दुरूनच हळद-कुंकू टाकते."

"दुरून नको. आणखी चुकंल."

दुसऱ्या दिवशी दुपारी ते पन्नास मीटरवरचा कागद घेऊन आले. सगळी भोकं मधोमध, एकात एक, जाईच्या कळ्या ओंजळीत धराव्यात तशी. किल्ली परत खिळ्याला लागली. दानम्मानं कागद देवापुढं ठेवला, पायांत चप्पल घातली आणि चष्म्याच्या दुकानात नवी भिंगं करू नका म्हणून सांगायला निघाली.