मामांचा बारदाना

दुर्बीण नसताना दुर्बिणीचा सगळा संसार थाटून बसलेला माणूस निजामाच्या अख्ख्या मुलखात एकच होता, आणि तो आमच्या आत्याचा नवरा होता. आमच्याकडे आत्याच्या यजमानांना मामाच म्हणतात. तर या मामांच्या सेलूच्या घरात पितळी मळसूत्राची सागवानी तिवई होती, सूर्य बघायची काळी काच होती, चंद्राचा उजेड डोळ्यांना खुपू नये म्हणून हिरवट काच होती, डोळ्याला लावायची लहानमोठी चार भिंगं होती, भिंगं पुसायचं मऊ कातडं होतं, आणि उद्या कॅमेरा घेतलाच तर हाताशी असावं म्हणून फोटोग्राफर डोक्यावर घेतात ते काळं कापडही होतं. सगळ्यांत देखणी होती चामड्याची पेटी. आत लाल मखमल, मखमलीत दुर्बिणीसाठी खोबण, आणि खोबणीत काही नाही. पाहुणा आला की मामा पेटी उघडून दाखवायचे, आणि पाहुणाही बिचारा त्या रिकाम्या खोबणीकडे बघून "वा!" म्हणायचा.

मामा मोंढ्यातले, म्हणजे धान्य-कापसाच्या बाजारातले, नावाजलेले कापूस-पारखी. चिमूटभर कापूस दोन्ही हातांच्या बोटांत धरून ओढायचा, तंतू कसा तुटतो ते बघायचं आणि डोळे मिटून माल सांगायचा. त्यांनी हा बारदाना जमवला तोही असाच, बोटांच्या भरवशावर. एकदा भिंग घ्यायला हैदराबादला गेले तेव्हा मला सोबत नेलं. दुकानात त्यांनी भिंग अंगठ्यानं चोळलं, कानाशी धरून टिचकी मारली, पेटीचं चामडं हुंगून बघितलं. मोंढ्यात भाव तोंडानं बोलत नाहीत, रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून ठरवतात. मामांनी सवयीनं खांद्यावरचा रुमाल दुकानदाराच्या हातावर टाकला आणि आतून त्याची तीन बोटं घट्ट धरली. तो भला माणूस कसनुसा होऊन म्हणाला, "मेरी तबीयत अच्छी है हज़रत, आप दाम बोलो." मामांनी बोटं सोडली नाहीत. सौदा झाला तो तसाच झाला. एवढ्या सगळ्यात भिंगाचं माप मात्र त्यांनी विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही ते सुचलं नाही.

मी तेव्हा पिंगळीच्या शाळेत शिकवायचो आणि सुट्टीला गाडीनं सेलू गाठायचो. "मामा, दुर्बीण कधी?" असं विचारलं की ते कपाळावरच्या भस्माला हात लागणार नाही अशा बेतानं टोपी सारखी करायचे. "मास्तर, कापूस यायच्या आधी पोती लागत्यात का न्हाई? आधी बारदाना, मग माल." हे मी किती वर्षं ऐकलं कोण जाणे.

आता ही दुर्बीण हवी कशाला, ते सांगायला हवं. आत्याची दोन लेकरं पाळण्यातच गेली. गावानं आणि ज्योतिषानं मिळून ठरवलं की हा शनीचा कोप. तेव्हापासून आत्या दर शनिवारी गावाबाहेरच्या शनीच्या देवळात तेल घेऊन जायची आणि भेदरल्या चेहऱ्यानं परत यायची. घरात काळं काही येऊ द्यायची नाही; ती सूर्याची काच आणि ते फोटोग्राफरचं कापड मामांना कडब्याच्या खोलीत दडवून ठेवावं लागलं होतं. "आमी महादेवाची मानसं, ह्या असल्याला तेल घालत न्हाई," असं मामा गुरगुरायचे, पण तिला कधी अडवायचे नाहीत. कुठल्याशा पुस्तकात त्यांनी शनीचं चित्र पाहिलं होतं, त्याच्याभोवतीचं कडं पाहिलं होतं. बायकोला ते एकदा प्रत्यक्ष दाखवायचं, म्हणजे तिची भीती जाईल, एवढी एकच इच्छा या माणसाला होती. बाकी सगळी तयारी त्यासाठी.

शेवटी माल आला. परभणीचे एक गिरदावर साहेब, महसूल खात्यातले अंमलदार, नोकरी संपवून हैदराबादला परत निघाले होते. त्यांनी आपली जुनी पितळी दुर्बीण मामांना दिली. मामा ती कुशीत घेऊन आले आणि चैत्रातल्या एका दिवेलागणीला अंगणात सगळा संसार मांडला. दुर्बीण तिवईच्या मळसूत्रात बसेना. चारांतलं एकही भिंग तिच्या तोंडाला लागेना; तिचं स्वतःचं होतं तेवढंच कामाचं. काचा सैल होऊन खाली पडायच्या. पेटीची खोबण वीतभर आखूड निघाली. मामा एकेक वस्तू उचलत, अंगठ्यानं चोळत आणि खाली ठेवत. "माल तर अव्वल हाय," ते पुटपुटले. मला हसू आलं होतं, पण त्यांच्या तोंडाकडे बघून ते आतच राहिलं.

नुसत्या हातात धरून बघावं, तर दुर्बीण एका जागी ठरेना. आत्या ओट्यावरून हे सगळं पाहत होती. "अवो," ती म्हणाली, "त्या गठाणीवर टेकवा की." प्रेसमधून परत आलेली रुईची एक घट्ट दाबून बांधलेली गठाण कधीची अंगणात पडून होती. मामांनी दुर्बीण तिच्यावर टेकवली, पश्चिमेकडं रोखली, आणि ती तसूभरही हलली नाही.

"ये," ते आत्याला म्हणाले. "बघ तुला छळनारा कसा हाय ते."

आत्या पदर सावरत वाकली. एक डोळा मिटून दुसरा तिनं दुर्बिणीला लावला.

"इवलासा हाय हो. कडं घालून बसलाय. आन् किती लांब! ह्याला आपलं घर तरी दिसत आसंल का?"

"तेच तर!" मामांचा आवाज चढला. "तेच दाखवायचं हुतं तुला."

आत्यानं डोळा काढला नाही. तशीच वाकून हळूच म्हणाली, "मग माजी लेकरं कुनी नेली?"

मामा खाली पडलेल्या काचा वेचायला लागले. मला आज वाटतं, हाच प्रश्न येणार हे त्यांना आधीपासून ठाऊक असावं, आणि म्हणूनच इतकी वर्षं त्यांचा बारदाना पुरा होत नव्हता.

पुढच्या शनिवारी आत्या पुन्हा तेल घेऊन निघाली. मामा खवळले. "आता कशाला? बघितलंस न्हवं डोळ्यानं?"

"बघितलं म्हनूनच," ती म्हणाली. "इतकी वर्सं उगा बोल लावला बिचाऱ्याला."

त्यानंतर ती देवळातून येताना चेहरा भेदरलेला नसायचा. थकलेला असायचा, पण शांत असायचा.

आत्या गेली त्या वर्षी मी सेलूला गेलो तो नेमका शनिवार होता. मामा गावाबाहेरच्या वाटेवर भेटले, कपाळावर भस्म, टोपी सारखी केलेली, आणि काखेत ती चामड्याची पेटी. आता इतक्या वर्षांनी काय बघायला निघाले म्हणून मी विचारलं. त्यांनी वाटेतच पेटी उघडली. लाल मखमलीच्या खोबणीत आत्याची तेलाची बाटली होती, मापानं करून घेतल्यासारखी बसलेली.

"सांडत न्हाई," मामा म्हणाले, आणि पेटी जपून मिटून देवळाकडं चालू लागले.